पैसे भरण्याच्या पानावरून ग्राहक का परततात?

प्रश्न : माझ्या ऑनलाइन वर्गाची माहिती वाचून अनेक जण पैसे भरण्याच्या पानापर्यंत येतात, पण तिथूनच निघून जातात. काय करावे?

उत्तर : आधी खाते उघडण्याची सक्ती असेल, तर ती काढून टाकावी, पावतीसाठी ई-मेल पुरेसा असतो. करासह एकूण रक्कम सुरुवातीलाच दिसावी, हे वेगळे सांगायला नको. खरी पंचाईत व्यवहार फसल्यावर होते : ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश येतो, भरलेला फॉर्म कोरा होतो आणि पैसे गेले की नाही हे न कळल्याने ग्राहक पुन्हा बटण दाबायला धजत नाही. म्हणून कार्डाची मुदत संपली की बँकेने नकार दिला, हे स्पष्ट सांगावे, भरलेली माहिती राहू द्यावी आणि प्रत्येक खरेदीला तिचा स्वतंत्र, एकच व्यवहार क्रमांक जोडून तो पैसे स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडून तपासून घ्यावा, म्हणजे बटण दोनदा दाबले गेले तरी रक्कम एकदाच वळती होते.