मॅडलिब लपतो, म्हणून मोठा का?

लातूरच्या भावाचा प्रश्न असा: अमेरिकेतला हिप-हॉप संगीतकार मॅडलिब फारशा मुलाखती देत नाही, कॅमेऱ्यापासून लांब राहतो, म्हणून लोकांनी त्याला देव करून ठेवलंय का? सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डीतला कापलेला तुकडा, तर कुणीही लावतं. त्यावर परभणीवाल्यांचं म्हणणं, की गप्प राहणं हीच त्याची कला. तेव्हापासून तुम्ही दोघं भांडायलात. मला दोघांचंही पटत नाही. तो का लपतो यापेक्षा लपून काय करतो, हे बघा.

माणूस काही आभाळातून पडलेला नाही. ओटिस जॅक्सन ज्युनियर, जन्म 1973, गाव कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड. वडील गायक, मामा जॉन फॅडिस नावाजलेले जॅझ ट्रम्पेटवादक. म्हणजे घरातच रेकॉर्डी आणि वाजवणारी माणसं. 2000 साली त्याचा 'द अनसीन' हा अल्बम आला तो क्वासिमोटो या टोपणनावाने. त्यातला चिरका आवाज त्याचाच, वेग वाढवून केलेला. स्वतःचा जाड आवाज त्याला आवडत नव्हता. पुढच्याच वर्षी यस्टरडेज न्यू क्विंटेट नावाच्या जॅझ बँडचा अल्बम आला. बँडमध्ये पाच नावं, आणि पाचही जण हाच. त्यातलं काही वाजवणं रेंगाळतं, मला तरी कंटाळा येतो. पण मॅडलिब म्हणून त्याने ते बहुतेक बाहेर काढलंच नसतं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. पैठणच्या नाथांनी भारुडांत हेच केलं. कधी जोशी झाले, कधी गोंधळी, कधी सासरच्या जाचाला विटलेली बाई. सोंग घेतलं की स्वतःच्या तोंडी न शोभणारं बोलता येतं. मॅडलिबची टोपणनावं मला या जातीची वाटतात. गूढ वाढवायला नाही, हात मोकळा व्हायला.

इथे मुखवटा घालणाऱ्या रॅपर एमएफ डूमला मध्ये आणू नका. डूमने मुखवट्याचं नाटकच केलं, कार्यक्रमाला स्वतःऐवजी दुसऱ्याला मुखवटा चढवून पाठवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मॅडलिब असलं काही करत नाही, त्याला फक्त बोलायचा कंटाळा आहे. दोघांचा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम मार्च 2004 मध्ये आला. त्याच्या बऱ्याच बीट्स, म्हणजे रॅपखालचं संगीत, 2002 मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलोच्या हॉटेलच्या खोलीत झाल्या. सामान काय, तर हातात मावणारा रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि बॉस एसपी-303 हे सॅम्पल कापायचं छोटं यंत्र. बीडच्या ज्या पोराने परवा 'माझा लॅपटॉप जुना आहे' म्हणून रडगाणं लावलं होतं, त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. पुढे अल्बम अर्धवट असतानाच लीक झाला, वर्षभर अडकला, आणि डूमने आपला भाग खालच्या, सावकाश आवाजात पुन्हा रेकॉर्ड केला. आज ज्याला आपण त्या अल्बमचा स्वभाव म्हणतो, तो निम्मा या भानगडीतून आलाय.

आता 'सॅम्पल कुणीही लावतं' याबद्दल. लावतं खरं. पण 'मॅडव्हिलनी'त 46 मिनिटांत 22 ट्रॅक, बहुतेकांना हुकच नाही, म्हणजे परत परत येणारी ओळ नाही, आणि लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, कानाला सवयीचा होतो न होतो तोच बंद. कुठे थांबायचं हा निर्णय मशीन घेत नाही. शिवाय तो नेहमी धुळीतलं दुर्मीळच शोधतो हीही दंतकथा. त्याच अल्बममधला अ‍ॅकॉर्डियनचा प्रसिद्ध तुकडा डेडॅलस नावाच्या लॉस एंजेलिसच्या संगीतकाराच्या तेव्हाच्या ताज्या रेकॉर्डवरचा आहे.

त्याला तोलायची सगळ्यात चांगली जागा मात्र आपल्याकडे आहे: 2007 चा त्याचा अल्बम 'बीट कंडक्टा इन इंडिया'. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी कापून केलेला. अमेरिकेतल्या श्रोत्याला तो परदेशी मसाला वाटतो. आपले कान लहानपणापासून लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवरच्या टपरीत त्याच संगीतावर पोसलेले. तुकडा ओळखीचा निघाला की त्याने काय ठेवलं, काय टाकलं हे लगेच कळतं. मला त्यातले काही ट्रॅक नुसते उचललेले वाटतात, त्यात त्याचं फार काही नाही. पण जिथे तो दोन कडव्यांमधल्या म्युझिकचे चार ठोके पकडून बसतो, तिथे वाजवणारे हात ऐकू यायला लागतात. जुन्या रेकॉर्डींच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक असायचे. सेबॅस्टियन डिसूझा, मनोहारी सिंग यांच्यासारख्या अरेंजरचं, म्हणजे गाण्याची वाद्यरचना बांधणाऱ्याचं, नाव क्वचितच. हा मर्जीने लपतो म्हणून आपण पानंच्या पानं लिहायलोत, आणि त्यांना कुणी समोर आणलंच नाही त्यावर एक ओळ नाही. भांडायचंच तर यावर भांडा की.

एकटा बुवा गुहेत बसलाय, हे चित्रही सोडा. 2021 च्या 'साउंड अँसेस्टर्स' या अल्बममध्ये त्याने पाठवलेल्या शेकडो फायलींतून निवड आणि मांडणी किरन हेब्डनने, म्हणजे फोर टेट नावाने वाजवणाऱ्या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने केली. लपण्याची किंमतही असते. व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागतात. 2024 मध्ये त्याने आपल्या माजी मॅनेजरवर दावा लावला, खरं-खोटं कोर्ट बघेल. जानेवारी 2025 च्या लॉस एंजेलिसच्या वणव्यात त्याचं घर गेलं, सोबत कित्येक दशकांचं संगीत आणि यंत्रं. त्या वेळी मात्र घरच्यांसाठी उघडपणे मदत मागावी लागली.

परभणीकर, इन्स्टावरचा डीपी काढल्याने बीट सुधारत नाही, एवढं मनावर घ्या. लातूरच्या भावा, तू 'द अनसीन'पासून सुरू करू नकोस, त्या आवाजाने वैतागशील. आधी 2003 चा 'शेड्स ऑफ ब्लू' घे. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीने आपला जुना साठा त्याच्यासमोर उघडा केला होता. मग 'इन इंडिया'. हेडफोन लावून ऐक, मोबाईलच्या स्पीकरवर त्याचा बेस पोचत नाही. कुठल्या ट्रॅकवर मूळ गाणं ओळखू आलं ते इथे लिही, माझी यादी मग टाकतो.