जावाच्या किनाऱ्यावर जमीन घेण्याआधी

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून वहिनींच्या आणि तुमच्या बेताबद्दल खूप विचार केला. वय ५२, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, कोथरूडचा फ्लॅट विकून आलेले पैसे हाताशी, आणि इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्यकर्ताच्या पश्चिमेला समुद्राजवळच्या एखाद्या लहान गावात जमीन घेऊन दोघांनी कायमचं राहायचं. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही हे कळल्यावर, ज्याच्या गाडीतून तुम्ही हा भाग पाहिलात त्यानेच सुचवलं की माझ्या नावावर घ्या, आपण नोटरीकडे करार करून ठेवू. हे करावं का, आणि गावातली माणसं आपल्याला सामावून घेतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर स्पष्ट देते. करू नका. तो माणूस प्रामाणिक असला तरी करू नका.

इथला जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा. पूर्ण मालकी, जिला इथे हाक मिलिक म्हणतात, ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. त्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की थेट असो वा आडमार्गाने, परदेशी माणसाकडे मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे तुमच्या हातातला करार तुमच्या बाजूने उभा राहणारच नाही, उलट कायदा मोडल्याचा तो पुरावा ठरेल. आणि माणसं मरतात, दादा. पलीकडच्या एका गावात एका परदेशी गृहस्थांनी अशीच जागा घेतली होती. ज्याच्या नावावर होती तो भला माणूस अचानक वारला. त्याच्या बायकोला आणि भावांना त्या कराराशी काही देणंघेणं नव्हतं, कायद्याने ते बरोबरही होते. त्या गृहस्थांना बांधलेलं घर सोडून जावं लागलं.

मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्न होऊन इथे पुरवोरेजो जिल्ह्यात आले. आमची जागा नवऱ्याच्या नावावर आहे आणि लग्नाच्या वेळी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार आम्ही केला होता. तो नसता तर परदेशी जोडीदारामुळे त्याच्या स्वतःच्या मालकीलाही अडचण आली असती. उद्या ही जागा वारसाहक्काने माझ्याकडे आली तर वर्षभरात मला ती एखाद्या नागरिकाला द्यावी लागेल. या मातीत मी रोज हात घालते, तरी ती माझी होणार नाही, हे मी मान्य करून इथे राहते. तुम्हीही ते आधी मान्य करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते मान्य झालं की पुढचे रस्ते दिसू लागतात.

राहण्याचा रीतसर परवाना असलेल्या परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, घेता येतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे तो ३० वर्षं, मग २० ची वाढ, मग ३० चं नूतनीकरण, असा एकूण ८० वर्षांपर्यंत जातो. पण परदेशी माणसाने घ्यायच्या घराला सरकारने किमान किंमत ठरवली आहे. ती अब्जावधी रुपियांत (रुपिया हे इथलं चलन) असते, खेड्यातल्या घराच्या कितीतरी पट. कंपनी काढून जमीन घ्या असं कोणी सांगेल, तर परदेशी कंपनीला जमीन सोडून १० अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते आणि खरा धंदा चालवावा लागतो. दोन माणसांच्या शांत जगण्यासाठी तो मार्ग नव्हे.

उरतो तो भाडेपट्टा, आणि माझ्या मते तोच तुमच्यासाठी योग्य. इथल्या कायद्यात जमीन आणि तिच्यावरचं घर यांची मालकी वेगळी असू शकते. जुनी लाकडी लिमासान किंवा जोग्लो घरं इथे सांधे सोडवून विकली जातात आणि दुसऱ्या गावी नेऊन उभी करतात. जागा पट्ट्याने, घर तुमचं, हे दोन्ही नोटरीच्या कागदावर येऊ शकतं. मुदत, वाढवण्याची अट, मालक वारला तर वारसांवर करार बंधनकारक राहील हे कलम, आणि पट्टा संपल्यावर घराचं काय करायचं, हे सगळं आधी लिहून घ्या. भाड्यावरचा १० टक्के कर तत्त्वतः मालकाचा असतो, पण गावात तो कोण भरणार हे आधी बोलून घ्यावं लागतं.

पट्ट्याने घेतानाही जागेचे कागद बघायचे. जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र आहे का, आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न पुरेसे नाहीत, पण सुरुवात तिथून. गावात अजून गिरिक किंवा लेटर सी नावाचे जुने उतारे लोक पुढे करतात. आपल्या सातबाऱ्यासारखीच ती मुळात महसुलाची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. २०१७ पासून सरकारने सरसकट नोंदणीची मोहीम चालवली म्हणून पुष्कळ जमिनींना आता प्रमाणपत्रं आहेत, तरी कितीतरी ठिकाणी ती आजोबांच्याच नावावर राहिली आहेत. मग सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. या भागातून लोक पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेले आहेत. १९०५ साली डच सरकारने सुमात्रातल्या लाम्पुंगला वसाहत करायला पहिली १५५ कुटुंबं नेली ती इथल्याच बागेलेन भागातली, आणि तिथल्या गावाचं नावही बागेलेनच पडलं. एखाद्या परसाच्या कागदावर सही करणारा चुलतभाऊ आजही लाम्पुंगमध्ये असतो, आणि त्याची सही नसेल तर तुमचा पट्टा कच्चा.

जमीन इथे उबिनमध्ये मोजतात. एक उबिन साधारण १४ चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्यात सात. गावाच्या पदाधिकाऱ्यांना पगाराऐवजी मिळालेली बेंगकोक जमीन कोणी खासगी म्हणून दाखवली तर लगेच मागे फिरा. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा किनारा-संरक्षणासाठी राखलेला असतो, त्यामुळे "समुद्राला लागून" ही जाहिरात ऐकली की सावध व्हा. भातखाचरावर घर बांधायला शेतीचं संरक्षण आड येतं, आणि यावं असंच मला वाटतं. घर हवं तर पेकारांगान, म्हणजे घराभोवतालच्या परसाची जागा बघा.

एक गोष्ट तुमच्या नकाशावर दिसणार नाही. योग्यकर्ता हा विशेष प्रांत आहे, सुलतानाच्या जमिनीही तिथे आहेत, आणि १९७५ च्या एका आदेशामुळे तिथे मूळ इंडोनेशियन नसलेल्या वंशाच्या नागरिकांनाही पूर्ण मालकी मिळत नाही. पुरवोरेजो मध्य जावात येतं, तिथे तो आदेश लागू नाही. तेमोनचा नवा विमानतळ २०२० मध्ये पूर्णपणे सुरू झाला तो सीमेला लागूनच, पण योग्यकर्ता प्रांतातल्या कुलोन प्रोगो जिल्ह्यात. त्यामुळे दोन्ही बाजूंना दलाल फिरतात आणि एकीकडचे नियम दुसरीकडे सांगतात. जागा कोणत्या प्रांतात आहे ते पहिल्याच भेटीत विचारा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. निवृत्तांच्या व्हिसाच्या वयात तुम्ही अजून बसत नाही. दुसऱ्या घराचा व्हिसा २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याला २ अब्ज रुपियांची ठेव दाखवावी लागत होती. घरून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठीच्या व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न लागतं. भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक सध्या २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. ते विवरणपत्रात वळतं होतं, पण तोवर पैसे अडकतात. हिशेबात धरा.

आता गाव. याबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण इथे सुखाने राहता येईल की नाही हे कागदांपेक्षा यावर ठरतं.

इथे प्रत्येक तीस-चाळीस घरांचा एक एरते (आरटी), म्हणजे शेजारगट, असतो, त्याला एक प्रमुख असतो, आणि तुमची पहिली ओळख त्यांच्याशी. कोणी पाहुणा रात्री राहिला तर २४ तासांत त्यांना सांगायचं. संशय म्हणून नव्हे, काही झालं तर गावाला माहीत असावं म्हणून. रात्री पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात, त्याला रोन्दा म्हणतात. प्रत्येक दारापाशी ठेवलेल्या डबीतून मूठभर तांदूळ किंवा नाणी गोळा करतात, ते जिम्पितान, आणि त्यातून गावाचे छोटे खर्च भागतात. दादा, गस्तीच्या पाळीत तुमचं नाव घाला. पैसे देऊन सुटका होते, पण पैसे देणारा माणूस बाहेरचाच राहतो. रविवारी सकाळी गटारं उपसायला, रस्ता झाडायला सगळे जमतात. त्या वेळी फावडं घेऊन बाहेर पडा, भाषा येत नसली तरी.

लग्न, बारसं, गरोदरपणाच्या सातव्या महिन्याची ओटी, मेल्यानंतरचा तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा दिवस, हजारावा दिवस, प्रत्येकाला जेवण आणि प्रार्थना. बायका दोन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला फक्त नारळ खवायला दिला, आणि त्या कामात मी कोणापेक्षा कमी पडले नाही, तिथून माझ्याशी त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या. लग्नाच्या महिन्यांत पाकिटं बरीच द्यावी लागतात. तो खर्च नव्हे, फिरती देवाणघेवाण असते, लोक वह्यांत लिहून ठेवतात आणि तुमच्या घरी काही निघालं की तेवढं परत येतं. तुम्ही मोठी रक्कम देऊ नका. २०२४ मध्ये या जिल्ह्याचं किमान वेतन महिन्याला साधारण २१ लाख रुपिया होतं, आपले अकरा हजारांच्या आसपास. तुमच्या मोठ्या पाकिटाची परतफेड कोणाला झेपणार नाही आणि ते बिचारे अवघडून जातील.

उंच कुंपण घालू नका. इथे परसं एकमेकांत मिसळतात, कोंबड्या आणि मुलं कुठूनही जातात. भिंत बांधणाऱ्याशी कोणी भांडणार नाही, जावानीज माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, पण हळूहळू कोणी दारात येईनासं होतं. पहाटे साडेचारच्या सुमारास मशिदीचा भोंगा वाजतो, गुरुवारी रात्री सामुदायिक प्रार्थना असते. त्याचा त्रास होणार असेल तर खेड्याचा विचारच नको. पूजा तुम्ही खुशाल करा. हिंदू धर्म इथे मान्यताप्राप्त सहांपैकी एक, आणि वायांगमुळे, म्हणजे इथल्या बाहुल्यांच्या खेळामुळे, अर्जुन, भीम, क्रेस्नो (कृष्ण) सगळ्यांना घरचे वाटतात. म्हातारी माणसं तुमच्याकडून त्यांची आपल्याकडची गोष्ट ऐकायला बसतील.

समुद्राबद्दल कोकणचं मन घेऊन येऊ नका. किनाऱ्यावरची वाळू काळी, लोखंडाच्या कणांची. तिच्यात शेतकरी मिरची आणि कलिंगडं पिकवतात, वाऱ्याला आडवी सुरूची झाडं लावून. पण पाणी थेट हिंदी महासागराचं आहे, आत ओढणारे प्रवाह भयंकर, आणि गावातलं कोणी पोहायला जात नाही. १७ जुलै २००६ ला पान्गान्दारानच्या बाजूने त्सुनामी आली तेव्हा जमीन फारशी हलल्याचं लोकांना जाणवलंच नव्हतं, आणि ६०० हून अधिक माणसं गेली. त्याआधी दोनच महिने, २७ मे ला, योग्यकर्ताच्या भूकंपात ५,७०० हून जास्त माणसं मेली, बरीचशी विटांच्या भिंतींखाली. म्हणून घर किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत घ्या, पळायचा रस्ता ठरवून ठेवा, आणि भिंतींना आरसीसीचे पट्टे आहेत का ते बघा. लाकडी लिमासानची माझी शिफारस यासाठीही आहे.

खाण्याचं फार अडत नाही. नारळ, चिंच, माडाच्या नीरेचा गूळ, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळं दारात. वहिनी शाकाहारी असतील तर साम्बल म्हणजे मिरचीच्या चटणीतल्या तेरासीबद्दल, कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याबद्दल, प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. तूरडाळ गावात नाही, ऑनलाइन मागवते. शेवगा प्रत्येक कुंपणाला आहे, पण तो प्रेताला आंघोळ घालताना वापरतात म्हणून इथे पुष्कळजण खात नाहीत. शेंगा तोडण्याआधी शेजाऱ्यांना सांगा. दूध हवं तर डोंगरातल्या कालिगेसिंगला शेळीचं मिळतं, आणि ती मोठ्या कानांची शेळी आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटावाहून डचांनी आणलेल्या जातीची आहे. दवाखाना प्रत्येक तालुक्याला आहे, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही असेल तर योग्यकर्ताला जावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही घेता असं लिहिलंयत, तर घर निवडताना तिथून मोठ्या रुग्णालयाचा रस्ता गाडीने स्वतः मोजून पाहा.

माझं म्हणणं असं की आत्ता काहीच विकत घेऊ नका. पुरवोरेजोजवळच्या एखाद्या गावात वर्षभराच्या भाड्याने घर घ्या, आणि पहिल्यांदा या ते जानेवारीत, पावसाच्या ऐन भरात, जेव्हा विहिरीचं पाणी गढूळ होतं, वीज जाते आणि रस्त्यावर चिखल असतो. लग्नाचा आणि जन्माचा दाखला अपोस्टील करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेऊन, आणा. इंडोनेशिया २०२२ पासून त्या करारात आहे, त्यामुळे दूतावासाच्या फेऱ्या वाचतात. दाखले मराठीत असतील तर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर लागेल. तुम्ही याल तेव्हा आमच्या एरतेच्या प्रमुखांशी मी आधी बोलून ठेवते. त्या माणसाला मात्र आजच कळवा की त्याच्या नावावर जमीन घेणार नाही. गाडी त्याचीच वापरा, त्यात त्याचा मान राहील.