एअरफ्लोमध्ये आधीच्या टास्कने दिलेली यादी पुढच्या टास्कला स्ट्रिंग म्हणून का मिळते?

एअरफ्लो हे कामांची साखळी ठरल्या क्रमाने चालवणारं साधन, आणि टास्क म्हणजे त्यातलं एक काम. पहिल्या टास्कने यादी एक्सकॉममध्ये, म्हणजे टास्कांमधल्या देवाणघेवाणीच्या जागेत, यादी म्हणूनच ठेवलेली असते. तिची स्ट्रिंग होते ती पुढच्या टास्कच्या ऑप-केडब्ल्यूआर्ग्जमध्ये (फंक्शनला द्यायच्या व्हॅल्यूंमध्ये) तुम्ही लिहिलेल्या दुहेरी महिरपी कंसांत. ते जिंजाचं टेम्प्लेट आहे आणि जिंजाचं कामच मजकूर तयार करणं. म्हणून लूप फिरवला की पहिला घटक म्हणून चौकटी कंस हाती येतो.

यादी बिघडली तर ते किमान लगेच दिसतं. खरा धोका बूलियनचा, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स या व्हॅल्यूंचा. फॉल्स टेम्प्लेटमधून गेलं की त्याची स्ट्रिंग होते, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग ट्रू. ‘जुना डेटा पुसायचा का?’ याला तुम्ही ‘नाही’ म्हणता, टास्क डेटा पुसतो आणि हिरवा होऊन बसतो. एररही येत नाही.

यावर बहुतेक जण डॅगवर, म्हणजे टास्कांच्या अख्ख्या साखळीवर, ‘रेंडर_टेम्प्लेट_ॲज_नेटिव्ह_ऑब्ज’ ट्रू करायला सांगतात. ही सोय 2.1 पासून आहे आणि यादी नीट मिळते हे खरं. पण ती अख्ख्या डॅगला लागू होते, आणि पायथनची लिटरल व्हॅल्यू वाटेल ती प्रत्येक स्ट्रिंग बदलून टाकते. ‘डीएस_नोडॅश’मधून (रनची तारीख, मधल्या रेघांशिवाय) येणारं ‘20240115’ एकटं असेल तर पूर्णांक होतं. पुढे ते फाइलच्या नावाला जोडायला गेलात की टाइप-एरर. ‘411038’ हा पिनकोडही तसाच आकडा होतो. चालू डॅगवर हा पर्याय मी तरी लावणार नाही.

त्यापेक्षा दोन पायथन टास्कच्या मध्ये टेम्प्लेट आणूच नका. टास्कफ्लो (पायथन फंक्शनलाच टास्क करण्याची पद्धत) वापरत असाल तर पहिल्या फंक्शनने परत केलेली व्हॅल्यू थेट दुसऱ्याला द्या. जुने ऑपरेटर असतील तर टास्कचं ‘.आउटपुट’ द्या. टाइप जसाच्या तसा पोचतो. फक्त ते एफ-स्ट्रिंगमध्ये घालू नका, त्याचं पुन्हा टेम्प्लेट होतं. पॅराम्सही (डॅग चालवताना दिलेल्या व्हॅल्यू) फंक्शनच्या आत कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे एअरफ्लो टास्कला देतो त्या माहितीतून, वाचा, तिथे बूलियन बूलियनच राहतं.

शेलच्या कमांड चालवणाऱ्या बॅश टास्कला मात्र मजकूरच द्यावा लागतो. तिथे टेम्प्लेटमध्ये ‘टूजेसन’ फिल्टर लावा आणि स्क्रिप्टमध्ये जेसन म्हणून वाचा. एकेरी अवतरणांच्या जागी दुहेरी घालायचा जुगाड करू नका. यादीत एखादं ‘डी'सूझा’ आडनाव आलं की तो मोडतो.