ताटातले प्रश्न: थाई करी पाणचट का लागते?

प्रश्न : सांगलीतल्या एका थाई हॉटेलात ग्रीन करी गोडसर आणि पाणचट मिळाली, पॅड थाई (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स) म्हणजे लाल, चिकट गोळा. ही चव अशीच असते का? (वाचक, विश्रामबाग)

उत्तर : नाही, अशी नसते. करीसाठी नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवतात, त्यात हिरवी पेस्ट (हिरव्या मिरच्या-मसाल्याचं वाटण) वास सुटेपर्यंत परततात आणि मगच पातळ दूध घालतात. घाईत सगळं एकदम उकळलं की पेस्ट कच्ची राहते. मग दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर येतं नि चव झाकायला साखर. गलांगल या आल्यासारख्या थाई कंदाऐवजी नुसतं आलं आणि माकृत या थाई लिंबाच्या सुवासिक पानांऐवजी लिंबाचा रस घातला, तर वासच बदलतो.

पॅड थाईच्या तांदळाच्या नूडल्स उकळायच्या नसतात. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून, वाकतील पण तुटणार नाहीत इतपत झाल्या की कडकडीत तापलेल्या कढईत टाकायच्या, एका वेळी दोन प्लेटींपुरत्याच. कढई गच्च भरली की नूडल्स वाफेवर शिजून लगदा होतो. आंबटपणा चिंचेचा हवा. लाल रंग बहुधा केचपचा. ताडगुळाऐवजी साधा गूळ चालतो, आणि सांगलीत गुळाला काय तोटा!

पार्सल घेऊ नका, वाटेत नूडल्स चिकटतात. शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका: तयार पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबी असते, सॉस माशांचा असतो. पेस्टचा डबा दाखवायला सांगा.