फादरांची बदली झाली, तक्रारीचं काय?

प्रश्न : धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाणाऱ्या १३ वर्षांच्या मुलाला आमच्या चर्चमधल्या एका फादरांनी नको तिथे हात लावला. त्याच्या आईने आणि मी प्रमुख धर्मगुरूंना सांगितलं. फादरांची बदली झाली. आठ महिने एकच उत्तर मिळतंय : चौकशी सुरू आहे, बाहेर बोलू नका, प्रार्थना करा. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जावंसं वाटत नाही. दानपेटीत पैसे टाकणं बंद करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, दानपेटीचं नंतर बघू. आधी पोलीस ठाणं. चर्चची चौकशी चर्चची, पोलिसांची वेगळी. एकीसाठी दुसरी थांबत नाही. पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायलाच हवी. यात तुम्हीही आल्या आणि प्रमुख धर्मगुरूही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. धार्मिक संस्थेतल्या माणसाने असा स्पर्श केला तर शिक्षा ५ ते ७ वर्षं; एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते, त्यामुळे आठ महिन्यांनी तक्रार शिळी होत नाही.

मुलाच्या आईला आधी सांगा, शक्यतो दोघी जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तक्रार नोंदवून घेतली नाही तर तीच लिहून स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते.

इथे प्रकरणं बिघडतात ती चांगल्या हेतूनेच. घरातला प्रत्येकजण मुलाला पुन्हा विचारतो, कुणी मोबाईलवर व्हिडिओ करतं आणि नंतर कोर्टात ‘पढवलेला’ म्हणायला वाव मिळतो. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा आणि थांबा. त्याचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नको. आणि तक्रार पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) सांगू नका; तिथे ऐकलेलं फादरांना बाहेर वापरताच येत नाही, मग ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ म्हणायला ते मोकळे.

आता चर्च. तोंडी विचारणं बंद. बिशपांना पत्र लिहा, पोच घ्या. तीनच गोष्टी विचारा : प्राथमिक चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली, अहवाल रोमला गेला का, आणि नव्या ठिकाणी या फादरांचा मुलांशी संबंध तोडलाय का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथेही धर्मशिक्षणाचे वर्ग असतातच. ‘बाहेर बोलू नका’ हे तर पोपच्याच नियमांविरुद्ध आहे : २०१९ चे ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ तक्रारदारावर गप्प राहण्याचं बंधन घालू देत नाही. बिशपच चौकशी दाबतायत असं दिसलं तर मुंबईच्या आर्चबिशपांना लिहा किंवा थेट दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांना.

दान थांबवायचं तर खुशाल थांबवा, पण नुसतं थांबवलंत तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. थांबवण्याचं कारण त्याच पत्रात एका ओळीत लिहा. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. पुण्यात चर्चना तोटा नाही, काही महिने दुसरीकडे जा.