ऐकून न ऐकल्यासारखे केलेले सल्ले

तुम्ही मला लिहून विचारलंय: त्वचा, केस, मेकअप यांबद्दलचे कोणते सल्ले सगळे जण देतात आणि तुम्ही मात्र खुशाल धाब्यावर बसवता? आणि बसवल्याने काही बिघडलं का?

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौदा वर्षं मी पार्लर चालवलं, त्यात एक गोष्ट पक्की कळली. सल्ला पाळताना माणसं तो खरा की खोटा हे फारसं बघत नाहीत, कंटाळवाणा आहे का तेवढं बघतात. चेहऱ्याला लिंबू चोळा म्हणावं, तर महिनाभर नेमाने चोळतील. हातावर डायचा ठिपका लावून दोन दिवस थांबा म्हटलं, की लगेच घाई असते.

मी स्वतः जे पाळत नाही ते आधी उरकते.

केस वाढायला हवे असतील तर दर महिन्याला टोकं कापा, हा त्यातला पहिला. केस वाढतो मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. खाली कात्री चालली याची मुळाला खबरही नसते. महिन्याला सेंटिमीटरभर वाढ आणि सेंटिमीटरभर कापणी केली, तर हिशेब जागच्या जागीच राहणार. फाटलेली टोकं मात्र काढावीत, कारण फाटा वर चढत जातो आणि कुठलंही सीरम तो कायमचा सांधत नाही. पण ते काही महिन्यांतून एकदा पुरे.

रात्री शंभर वेळा कंगवा फिरवणं: नाही. एवढ्या घासण्याने केस तुटतात. एक पांढरा उपटला की दोन येतात: येत नाहीत, पण मूळ वारंवार ओढून दुखावलं तर तिथे पुढे काहीच न उगवण्याची शक्यता असते. रेझर फिरवला की केस दाट येतात, हा समज तर 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढीचे केस मोजून खोडून काढला होता. रेझरने केस आडवा कापला जातो, त्याचं निमुळतं टोक जातं आणि हाताला खरखरीत लागतं, एवढंच. शंभर वर्षं होत आली, तरी वॅक्सिंगच्या टेबलावर पडल्या पडल्या बायका हे मला सांगायच्या.

वाफेने रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, हेही खरं नाही. रंध्रांना उघडमिट करणारा स्नायूच नसतो. वाफेने वरचा तेलकट थर मऊ होतो, म्हणून ब्लॅकहेड्स काढायला सोपं जातं. कबूल करते, "आता रंध्रं बंद करूया हं" म्हणत मीच कितीतरी चेहऱ्यांवर बर्फ फिरवलाय. ऐकायला छान वाटतं, गिऱ्हाईक खूश होतं.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्या म्हणजे चेहरा उजळेल, हेही मी सोडून दिलं. तहानेसाठी पाणी प्यावंच. पण कोरडी त्वचा म्हणजे वरच्या थरातून ओलावा उडून जातोय, आणि तो अडवायला ओलसर त्वचेवर साधं मॉइश्चरायझर लावणं हाच उपाय आहे.

आता लिंबाचं. हा सल्ला पाळूच नका. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणजे आम्लतेत साधारण हजारपटीचा फरक. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. एकदा एक मुलगी आली होती, गालावरून जबड्यापर्यंत तपकिरी पट्टे, वर रुंद आणि खाली निमुळते. रस जसा ओघळला तसाच डाग उठला होता. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने असे डाग दिले की ते जायला कित्येक महिने लागले. टूथपेस्ट पिंपलवर लावण्याची गतही तीच. पिंपल सुकल्यासारखा दिसतो खरा, पण भोवतालची कातडी जळते आणि पिंपलपेक्षा त्याचा डाग जास्त दिवस राहतो.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण माझं खरोखर बिघडलंय.

हेअर डायच्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी असते: वापराआधी 48 तास हातावर किंवा कानामागे चाचणी घ्या, आणि दर वेळी घ्या. हे "दर वेळी" कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. तोच ब्रँड, तीच छटा, कितीतरी वर्षं वापरलेली. एका रविवारी नेहमीसारखा लावला, धुतला, झोपले. पहाटे कानांच्या पाळ्या खाजायला लागल्या. सकाळी आरशात बघितलं तर कपाळाच्या कडेने लाल रेघ, जणू कुणी टोपीची कड काढून ठेवली होती. दुपारपर्यंत पापण्या इतक्या सुजल्या की डावा डोळा उघडेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चाचणी घेतली होती का?" मी गप्प. गिऱ्हाइकांना जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो मलाच विचारला गेला.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण "मला कधीच काही झालं नाही" हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. गडद रंगांच्या बहुतेक कायम टिकणाऱ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याचं भावंड असतं. शरीर आधी ते शत्रू म्हणून ओळखायला शिकतं (हीच ॲलर्जी), आणि ते दहाव्या वेळी शिकेल की पन्नासाव्या, हे कुणी सांगू शकत नाही. एकदा शिकलं की विसरत नाही. पुढच्या वेळी प्रतिक्रिया जास्त जोरात येऊ शकते. काळ्या तात्पुरत्या टॅटूमध्येही अनेकदा हेच रसायन बरंच जास्त घातलेलं असतं. लहानपणी हौसेने काढलेला टॅटू मोठेपणी पहिल्याच डायला उठतो, तो असा. तेव्हापासून मी चाचणीशिवाय कुणाला डाय लावला नाही. त्यात काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. मी स्वतः आता पांढरीच आहे.

पाळायलाच हवा असा दुसरा सल्ला म्हणजे सनस्क्रीन. "मी लावते" असं सगळ्याच म्हणतात. मी एवढंच विचारायचे, "ही ट्यूब कधी उघडली?" एक बाई म्हणाल्या, मागच्या उन्हाळ्यात. ट्यूब 50 मिलीची, आणि अजून निम्मी बाकी. तिथेच कळलं. लेबलवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा काढतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर देऊन. चेहरा आणि मान धरली तर एका वेळेला ग्रॅमपेक्षा थोडं जास्त लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांवर टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा. दिवसातून एकदाच लावलं तरी 50 मिली सव्वा ते दीड महिन्यात संपायला हवं. वाटाण्याएवढं चोळून 50 चं संरक्षण मिळत नाही, त्याच्या जवळपासही नाही. एसपीएफ 30 आणि 50 यांत फरक तसा थोडाच, पहिलं साधारण 97 टक्के यूव्हीबी (उन्हातले त्वचा भाजणारे किरण) अडवतं, दुसरं 98. म्हणून महागड्या 50 चा कंजूष थर देण्यापेक्षा 30 चा भरपूर थर द्या. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

खिडकीजवळ बसता म्हणून सुटलात असंही नाही. काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए (उन्हातले सुरकुत्या आणणारे किरण) बरंचसं आत सोडते. 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. 28 वर्षं गाडी चालवलेली, खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी जाड झालेला आणि उजवा त्यामानाने गुळगुळीत. मी तो फोटो छापून आरशाशेजारी लावला होता. मी तोंडाने जितकं सांगितलं त्यापेक्षा जास्त काम त्या फोटोने केलं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात तर साडेचार वर्षं प्रयोगच झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं वय वाढणं 24 टक्के कमी दिसलं, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. चेहऱ्यावर काळे डाग उरत असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. डाग गडद करण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही.

अजून एक, थोडक्यात: कुठलंही क्रीम आठवड्यात "काम करत नाही" म्हणून फेकू नका. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. सुरकुत्यांसाठी लावायच्या रेटिनॉलसारख्या गोष्टीला तर तीन महिने द्यावे लागतात. जळजळ झाली तर अर्थात त्याच दिवशी बंद.

तुम्ही शेवटी लिहिलंय की रात्री दमून मेकअपसकट झोपता आणि सकाळी अपराधी वाटतं. एखाद्या रात्री फाउंडेशन राहिलं तर फार काही होत नाही, सकाळी धुवा. डोळ्यांचं मात्र वेगळं. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञांनी 50 वर्षांच्या एका बाईंची नोंद प्रसिद्ध केली. 25 वर्षं मस्कारा नीट न काढल्यामुळे पापणीच्या आतल्या बाजूला काळे, कडक खडे साचले होते. आणि उघडलेला मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्या. दर वेळी डोळ्याला लागलेला ब्रश परत त्याच ओल्या नळीत जातो, जंतूंना याहून चांगलं घर नाही. त्यामुळे पलंगाशेजारी कापूस आणि मेकअप रिमूव्हरची बाटली ठेवा. झोपेत असलात तरी चालेल, आधी दोन डोळे पुसा. बाकीचा चेहरा सकाळपर्यंत थांबेल.