वृद्धांच्या आरोग्याचा सर्व्हे करणारे घरी येणार आहेत, ७४ वर्षांच्या आजीला त्यात भाग घेऊ द्यावा का?

घेऊ द्या की. फक्त ते आजीला प्रश्न विचारत असताना तुम्ही मधे बोलू नका.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करताना सोलापुरात असल्याच एका सर्व्हेचे फॉर्म घेऊन पूर्व भागात फिरलोय, घरोघर बिड्या वळणाऱ्या बायका, त्यात मे महिना, बारानंतर कोण दारच उघडत नव्हतं. पहिल्या आठवड्याचे आमचे फॉर्म जवळजवळ वाया गेले. "काय आजार आहे का?" विचारलं की आजी म्हणायची "काय नाय बाबा, बरं हाय", नाहीतर आतून सून ओरडायची "बीपी लिहा फक्त". मग सरांनी सांगितलं, आजार विचारू नका, काम विचारा. भरलेली कळशी उचलता का, खाली बसल्यावर कशाला धरून उठता, रात्री बाथरूमला जाताना लाईट कोण लावतं.

एक आजी होती, उभं आयुष्य मांडीवर सूप घेऊन बिड्या वळलेली, गुडघे पार गेलेले. तिचंही आधी "बरं हाय". सून दुकानात गेल्यावर हळूच म्हणाली की ती चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाही, कारण संडास खाली, जिना उभा, आणि रात्री सुनेला उठवायला लाज वाटते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी पीत नाही बघा! सून वाईट नव्हती ओ, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घराची गरज गोळ्यांची नव्हतीच, एक कमोडची खुर्ची पाहिजे होती.

देशपातळीवर असंच मोठं काम म्हणजे 'लासी' नावाचा सर्व्हे, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेला, पहिली फेरी २०१७-१८ ला झाली, पंचेचाळीसच्या पुढचे लोक आणि त्यांचे नवरा-बायको मिळून ७२ हजारांवर जण त्यात होते. त्यातपण नुसता बीपी नाही, अंघोळ, कपडे, जेवण, अंथरुणातून उठणं, स्वयंपाक, पैशाचा हिशोब स्वतःचा स्वतः जमतो का हे सगळं विचारलंय. मुठीची ताकद मोजतात, दहा शब्द वाचून दाखवतात आणि किती आठवतात ते विचारतात, थोड्या वेळानं परत विचारतात. आमच्याकडं असंच काहीतरी होतं तर नातवंडं मागून उत्तरं सांगायची, आजीचा स्कोर एकदम फर्स्टक्लास, आमचा कागद मात्र खोटा.

आता काळजी काय घ्यायची. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, संमतीपत्र वाचून मगच सही किंवा अंगठा, आणि नको वाटलं तर आजी मधेच थांबू शकते, तिला कुणी जबरदस्ती करू शकत नाही. ओटीपी, बँकेचं पासबुक मागितलं तर सरळ बाहेरचा रस्ता दाखवा. सर्व्हे भरला तरच आयुष्मान कार्ड मिळेल असं कोण म्हणालं तर तेपण खोटं, सत्तरीच्या पुढं ते कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, ते वेगळं काढून घ्या.

वेळ सकाळची मागा, दुपारी आजी पेंगणार. चष्मा पुसून ठेवा, नजर बघायचा तक्ता असतो कधीकधी. आणि तुम्ही तेवढा वेळ भाजी आणायला जा.